दुसरा मजला म्हणतो गोळी वाढवा, चौथा मजला म्हणतो कमी करा

आमसूल | ८ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त पाककृतींवर प्रतिसाद देते. आज जरा डोकं बधिर झालंय म्हणून धागा काढतेय.

बाबा ७१ वर्षांचे, चिपळूणला असतात, मी डोंबिवलीत. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकललं जातं ते) ३० टक्के. मे महिन्यात पाय सुजले, रात्री आडवं झोपता येईना, तीन उशा लावून बसल्या बसल्या डुलकी काढायचे. अ‍ॅडमिट केलं, सलाइनमधून लघवीचं इंजेक्शन दिलं, चार दिवसांत पाच किलो वजन उतरलं आणि माणूस पुन्हा माणसात आला. डिस्चार्जला वजन ६१.५.

आता खरी गंमत. हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर, चौथ्यावर किडनीचे. क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढला की किडनी कमी काम करतेय म्हणतात) १.४ चं १.९ झालंय. चौथा मजला म्हणाला, पाण्याची गोळी (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी) जास्त होतेय, अर्धी करा. केली. आठ दिवसांत वजन ६४.८, पाय परत भाकरीच्या पिठासारखे, बोट दाबलं की खळगा. दुसरा मजला म्हणाला, गोळी कुणी कमी केली? दुप्पट करा! म्हटलं, डॉक्टर, किडनी? तर म्हणाले, "आधी हार्ट." चौथ्यावर गेले तर "आधी किडनी."

बाबा लिफ्टमध्ये म्हणाले, "मला तिसऱ्या मजल्यावर सोड."

प्रश्न असा की हृदयाचा आणि किडनीचा एवढा काय संबंध आहे? आणि आमच्यासारख्यांनी कुणाचं ऐकायचं?

---

टांगापलटी | ८ जून, रात्री १०.२०

तिसऱ्या मजल्यावर बिलिंग असेल. तिथे दोघांचंही एकमत असतं.

---

वरणफळ | ८ जून, रात्री १०.३१

टांगापलटी, =)) 

आमसूल, काळजी घ्या. तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत.

---

गोदाकाठ | ८ जून, रात्री १०.५८

माझ्या मते औषधांचा मारा हेच कारण. किडनी म्हणजे चाळणी. चाळणीला भरपूर पाणी मिळालं की ती आपोआप धुऊन निघते. बाबांना सकाळी उठल्यावर दीड लिटर कोमट पाणी, दिवसभरात चार लिटर. सोबत गोखरूचा काढा. माझ्या काकांचा मुतखडा असाच पडला.

---

डॉ. खलबत्ता | ८ जून, रात्री ११.४०

गोदाकाठ, कृपया हा सल्ला मागे घ्या. मुतखड्याला जे चालतं ते इथे माणसाला थेट आयसीयूत नेईल. हृदय ३० टक्क्यांवर चाललेल्या माणसाला चार लिटर पाणी पाजलं तर ते लघवीत उतरणार नाही. आधी पायात, मग पोटात आणि शेवटी फुप्फुसात उतरेल.

आमसूल, मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. इथे डोस सांगणार नाही, कुणीही सांगू नये. पण भांडण काय आहे ते सांगतो.

दोन्ही किडन्यांचं मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदय दर मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं, त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा, लिटरभराहून थोडं जास्तच, या दोघींना जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. एवढं रक्त लागणाऱ्या अवयवाला पंप बिघडल्याचं सगळ्यात आधी कळणारच.

आता मेख. किडनी डोळ्यांनी बघत नाही. तिला फक्त येणाऱ्या रक्ताचा दाब कळतो. दाब पडला की ती समजते, माणूस जखमी झालाय किंवा उन्हात तडफडतोय. बिचारीला 'हार्ट फेल्युअर' हा शब्द माहीत नाही. मग ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून साखळी सुरू होते, रक्तवाहिन्या आवळतात, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं. रक्तस्राव झालेल्या माणसाला याने जीवदान मिळतं. पण तुमच्या बाबांच्या अंगात आधीच तीन किलो पाणी जास्त आहे आणि किडनी अजून साठवतेय. थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि तुमच्या केसमध्ये बहुधा तीच आहे. क्रिएटिनिन वाढायला रक्त कमी पोचणं हे एकच कारण नाही. किडनीतून रक्त बाहेरही पडावं लागतं. हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त तुंबलं की शिरांमधला दाब वाढतो आणि किडनीचा बाहेर जायचा रस्ता बंद होतो. मोरीची जाळी तुंबली असेल तर वरून नळ कितीही सोडा, मोरी धुतली जाणार नाही, उलट न्हाणीघर भरेल. अशा वेळी पाण्याची गोळी वाढवली की तुंबलेलं मोकळं होतं आणि क्रिएटिनिन उतरतं.

पण माणूस खरोखर कोरडा पडला असेल, गोळी जास्त होऊन, जुलाब होऊन, तर हाच आकडा तसाच वाढतो आणि तिथे गोळी कमी करावी लागते. म्हणजे १.९ हा आकडा दोन्हीकडे सारखाच, उपचार मात्र अगदी उलट. फरक कळतो तो पेशंटकडे बघून. वजन, पायाची सूज, मानेची शीर, उभं केल्यावरचं बीपी, इकोमध्ये पोटातल्या मोठ्या शिरेची रुंदी. गोळी अर्धी केल्यावर आठ दिवसांत सव्वातीन किलो वाढले, हे फार बोलकं आहे. हे चौथ्या मजल्याला सांगितलंत का?

---

आमसूल | ८ जून, रात्री ११.५६

डॉक्टर, नाही सांगितलं! त्यांनी रिपोर्ट मागितला, मी रिपोर्ट दिला. वजनाची वही दुसऱ्या मजल्याच्या फाइलमध्ये होती. फाइलीसुद्धा दोन आहेत, एक निळी, एक पिवळी.

---

टांगापलटी | ९ जून, सकाळी ७.०५

माणूस एक, फाइली दोन. सातबारा आणि आठ-अ सारखं.

---

गोदाकाठ | ९ जून, सकाळी ७.४८

मागे घेतो. पण एक सांगा, मग जगभर "पाणी प्या, पाणी प्या" का ओरडतात?

---

डॉ. खलबत्ता | ९ जून, दुपारी २.१५

निरोगी माणसासाठी, खडा होणाऱ्यांसाठी, उन्हात काम करणाऱ्यांसाठी ते बरोबरच आहे. ज्याचं हृदय किंवा किडनी थकलीय त्याने मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच प्यावं. मागे घेतल्याबद्दल आभार, इथे असं फार कमी वेळा घडतं.

---

मुठाई | ९ जून, दुपारी ३.३०

डॉ. खलबत्ता, मोरीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. वाचनखूण साठवली.

माझ्या आईची गोष्ट सांगते, जरा वेगळ्या वाटेने तिथेच जाते. आईला बीपीची गोळी होती, सोबत पाण्याची. गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्याची गोळी दिली. "एकदम छान आहे, दोन दिवसांत चालायला लागशील." आई खरंच चालायला लागली. सहा दिवसांनी लघवी जवळजवळ बंद, क्रिएटिनिन १.१ वरून ३.४. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याची गोळी कोणती घेता?" आई म्हणाली, "कुठलीच नाही, ती माझी नाही, काकूंची आहे."

गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांत १.२ वर आलं, नशीब. तेव्हा कळलं की बीपीची ती विशिष्ट गोळी, पाण्याची गोळी आणि पेनकिलर, ही तिघं एकत्र आली की किडनीची पंचाईत होते.

---

डॉ. खलबत्ता | ९ जून, रात्री ९.०२

मुठाई, शंभर टक्के. किडनीच्या गाळणीत रक्त आत येणारी एक बारीक नळी, बाहेर जाणारी एक. पेनकिलर येणारी आवळते, त्या जातीची बीपीची गोळी (एसीई इनहिबिटर, रेनिनची साखळी तोडणारी) जाणारी सैल करते, पाण्याची गोळी एकूण रक्तच कमी करते. मग गाळणीत दाब राहणार कसा? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही नावं घराघरात लिहून लावा. शिवाय या गोळ्या मीठ धरून ठेवतात, म्हणजे हृदयवाल्यांनाही वाईटच.

पण म्हणून कुणी ती बीपीची गोळी भीतीने बंद करू नका! ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतंच. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात, कारण पुढे त्याच गोळीने हृदय आणि किडनी दोन्ही टिकतात.

---

जुनेपुराणे | १० जून, सकाळी ११.१०

थोडा इतिहास. (आवडत नसेल त्यांनी खाली सरकावे.)

हे दोघे एकमेकांत गुंतलेत हे लंडनच्या गायज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवलं होतं. किडनीच्या आजाराने गेलेल्यांची शवविच्छेदनं करताना त्यांना हृदयं फुगलेली, जाड झालेली सापडत. बीपी मोजायची सोय नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पुढे १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेड आणि त्यांचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचं बीपी चढलं. डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलेलं रेनिन ते हेच. त्यानंतर कितीतरी वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या रक्तवाहिनीला छोटा चिमटा लावून ती अरुंद केली आणि बीपी कायमचं वाढतं हे दाखवलं, तेव्हा लोक जागे झाले.

आणि एकतर्फी नाही बरं का. हृदयही किडनीला निरोप धाडतं. १९८१ मध्ये कॅनडात डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क दुसऱ्या उंदराला दिला, तर तो भराभरा मीठपाणी लघवीतून टाकू लागला. म्हणजे हृदय ताणलं गेलं की ते किडनीला सांगतं, "बाई, सोड आता पाणी." आजारात किडनीला ते ऐकू येईनासं होतं, कारण रेनिनवाले जास्त मोठ्याने ओरडत असतात.

बाकी, ज्या गोळ्यांबद्दल मुठाई लिहितात त्यांच्या घराण्यातली पहिली तोंडाने घ्यायची गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरून सुचली.

---

वरणफळ | १० जून, सकाळी ११.३५

सापाचं विष वाचून मी नवऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे आदराने बघतेय.

---

शमीपत्र | १० जून, दुपारी १.२०

चरकसंहितेत तर शरीराचे तीन मुख्य मर्म सांगितलेत, हृदय, बस्ती आणि शिर. चिकित्सास्थानात आणि सिद्धिस्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. हृदय आणि मूत्रसंस्था एका पंक्तीत बसवली होती आपल्याकडे, एवढंच नोंदवतो.

---

टांगापलटी | १० जून, दुपारी १.२५

आलंच. सगळं आपल्याकडे आधीच होतं, फक्त डायलिसिस मशीन तेवढं पुरात वाहून गेलं.

---

शमीपत्र | १० जून, दुपारी १.४१

मी काय दावा केला? तीन मर्मांचा उल्लेख आहे, तो आहे. बस्ती म्हणजे मूत्राशय, किडनी नव्हे, हेही मला माहीत आहे. वृक्क वेगळे सांगितलेत. टिंगल करण्याआधी वाचत जा.

---

टांगापलटी | १० जून, दुपारी १.५०

हे मान्य. दिलगीर.

---

संपादक-२ | १० जून, दुपारी २.३०

धाग्याच्या विषयावर या. आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपॅथीचे सात धागे आधीच चालू आहेत.

---

चौथीपाळी | ११ जून, रात्री १.४४

मी डायलिसिस टेक्निशियन, अकरा वर्षं. नाइट शिफ्टला आहे, मशीन चालू आहेत, टाइप करतो.

तुम्ही सगळे हृदयाकडून किडनीकडे चाललाय. मी रोज उलटी वाहतूक बघतो. किडनीचे पेशंट किडनीने कमी जातात, हृदयाने जास्त जातात. घरच्यांना हे पटत नाही. म्हणतात, "डायलिसिस चालू होतं की, मग अटॅक कसा?" लघवी बंद झालेला माणूस, दोन डायलिसिसच्या मध्ये जेवढं पाणी प्याला तेवढं सगळं रक्तात. हृदयाने ते ओढत बसायचं. नंतर चार तासांत आम्ही ते तीन-साडेतीन लिटर काढून घेणार, हृदय परत गडबडतं. भरती-ओहोटी आठवड्यातून तीनदा. आपल्याकडे बरेच जण पैशापायी, नाहीतर एसटीच्या प्रवासापायी दोनदाच येतात. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, पण गावाहून येण्याजाण्याचा दिवस बुडतो त्याचं काय. खंड मोठा पडला की धोका मोठा. मला सोमवारची सकाळ आवडत नाही ती याचसाठी.

त्यात रक्त कमी, हृदयाच्या भिंती जाड झालेल्या, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या पाइपासारख्या कडक. हाताला फिस्टुला केलेला असतो, शीर आणि धमनी जोडून, तिथे कान लावला तर घूंऽऽ असा आवाज येतो. तेही रक्त हृदयालाच फिरवावं लागतं.

आणि पोटॅशियम. शहाळ्यात ते भरपूर, आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक आजोबा लग्नाला गेले, उकडतंय म्हणून तीन शहाळी प्याले. आले तेव्हा म्हणाले, "पायात ताकद नाही." ईसीजी काढला तर टी लहरी तंबूच्या खांबासारख्या उंच. थांबलो असतो तर हृदय थांबलं असतं. मशीनवर घेतलं, दोन तासांत गप्पा मारायला लागले, मला म्हणाले लग्नात जेवण छान होतं.

---

मुठाई | ११ जून, सकाळी ८.१०

चौथीपाळी, काटा आला अंगावर. रात्री दीडला जागून लिहिलंत, धन्यवाद.

---

कोबीचा_गड्डा | ११ जून, सकाळी ९.२२

शहाळं?? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना पहिली शहाळीच नेतात. हॉस्पिटलच्या दारात गाडीच उभी असते.

---

चौथीपाळी | ११ जून, सकाळी ९.४०

हो, आणि आमच्या वॉर्डच्या दारात मी उभा असतो ती अडवायला. तापातून उठलेल्याला खुशाल द्या. किडनीवाल्याला नाही. अजून एक, बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, बीपीवाले हौसेने आणतात. त्यात सोडियम कमी केलंय ते पोटॅशियम घालून. हृदयाची स्पायरोनोलॅक्टोन किंवा ती सापवाली गोळी (दोन्ही पोटॅशियम धरून ठेवतात) चालू असेल, किडनी कमी असेल, तर ते मीठ विचारल्याशिवाय घरात आणू नका. बटाटा खायचाच तर चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी फेका.

---

वरणफळ | ११ जून, सकाळी १०.०५

आणि सैंधव? सासूबाई म्हणतात सैंधव चालतं, ते "थंड" असतं.

---

डॉ. खलबत्ता | ११ जून, दुपारी २.४०

सैंधव म्हणजे गुलाबी कपडे घातलेलं मीठच. सोडियम क्लोराइड. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, सगळं मिळून. त्यात आमटी, भाजी, पोळी, पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचा खारी-पाव आलं. पापडखारातही सोडियमच असतं, खायच्या सोड्यातही.

मीठ कमी केलं की तहानही कमी होते. पाणी मोजायचं आणि मीठ मोकळं सोडायचं, हे कधीच जमत नाही. आधी मीठ धरा.

---

टांगापलटी | ११ जून, दुपारी २.४८

म्हणजे इथे जळणाऱ्याला "इनो घे" म्हणायची जी प्रथा आहे, ती हृदयवाल्यांसाठी बंद करायची का? इनोतही सोडाच.

---

डॉ. खलबत्ता | ११ जून, दुपारी ३.०१

हसू नका, मी खरंच एका पेशंटची सूज इनोवर जाऊन पकडलीय. रोज तीन पुड्या. "औषध नाही हो, ते अ‍ॅसिडिटीचं."

---

लीड्सकर | ११ जून, संध्याकाळी ६.१५

मी इंग्लंडात, बाबा नाशकात, पंपिंग ३५. इथे अशा पेशंटला हार्ट फेल्युअर नर्स नेमलेली असते. ती फोन करते, वजन विचारते, रक्त तपासायला सांगते, गोळी किती करायची ते कार्डिओकडून विचारून कळवते. ते पाहून मी नाशिकला घरची नर्स होऊन बसलोय. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. बाबा संडासला जाऊन आले की, चहाच्या आधी, त्याच पायजम्यात, त्याच फरशीवर काटा. फरशी बदलली की काटा अर्धा किलो फिरतो, म्हणून आईने फरशीवर खडूने चौकोन आखलाय. आकडा कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, सूज दिसायची वाट बघायची नाही. चरबी अशी दोन दिवसांत चढत नाही, ते पाणीच.

गेल्या वर्षभरात एकदाही अ‍ॅडमिट नाही. त्याआधीच्या वर्षी तीनदा.

---

आमसूल | ११ जून, रात्री ९.३०

लीड्सकर, खडूचा चौकोन! आईला आत्ताच फोन केला.

बाकी सगळ्यांनाच खूप धन्यवाद. गेल्या आठवड्यात आईने स्वयंपाकघर झाडलं तेव्हा आंब्याच्या लोणच्याची एक छोटी बरणी देव्हाऱ्यामागे सापडली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "देवाची असेल." सुकट बंद केली म्हणून आठ दिवस अबोला होताच.

---

कोबीचा_गड्डा | १२ जून, सकाळी ८.००

एक बाळबोध प्रश्न. मला १४ वर्षं शुगर आहे. क्रिएटिनिन दरवर्षी करतो, नॉर्मल येतं, ०.९. म्हणजे मी यात नाही ना?

---

डॉ. खलबत्ता | १२ जून, दुपारी १.५०

बाळबोध नाही, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. क्रिएटिनिन फार उशिरा बोंब मारतं. बऱ्याच जणांत किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मलच्या रेघेत असतं. ज्याचे स्नायू कमी, वय जास्त, त्याच्यात तर आणखी फसवं. म्हणून ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) बघा, आणि त्याहून आधी लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन). सकाळच्या लघवीचा नमुना, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या खाली हवं. ते वाढलेलं असणं म्हणजे फक्त किडनीची गळती नव्हे, सगळ्याच बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतंय, त्यात हृदयाच्याही आल्या. चौदा वर्षांत ही तपासणी किती वेळा केलीत?

---

कोबीचा_गड्डा | १२ जून, दुपारी २.१०

शून्य वेळा. कुणी सांगितलंच नाही. उद्या करतो.

---

मुठाई | १२ जून, दुपारी ४.००

शुगरच्या त्या नव्या गोळ्यांबद्दल कुणी लिहील का? आमच्या शेजाऱ्यांना शुगर नाही, तरी हृदयासाठी शुगरची गोळी दिलीय. ते घाबरून घेतच नाहीत.

---

जुनेपुराणे | १२ जून, संध्याकाळी ५.४५

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे, १८३५ मध्ये वेगळं काढलेलं फ्लोरिझिन. किडनी साखर परत रक्तात घेते तो दरवाजा ही गोळी अडवते, साखर आणि थोडं मीठ लघवीतून जातं. शुगरसाठी काढली, २०१५ मधल्या चाचणीत हृदयवाल्यांना फायदा दिसला, मग २०१९ आणि २०२० मध्ये शुगर नसलेल्या हृदयवाल्यांत आणि किडनीवाल्यांतही. एका गोळीवर दोन्ही मजले खूश, असं क्वचितच. आणि आपल्याकडे एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, बऱ्याच कंपन्या उतरल्या, किंमत बरीच खाली आली.

---

डॉ. खलबत्ता | १२ जून, रात्री ९.१५

फक्त एक जोड. सुरुवातीला हिनेही क्रिएटिनिन किंचित वाढतं, घाबरू नका. लघवीच्या जागेची स्वच्छता राखा. उलट्या-जुलाब, उपास, ऑपरेशन, असं काही असेल तर ही गोळी तात्पुरती थांबवायची का, ते डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्यांना सांगा, शुगर नसलेल्याची साखर एकट्या या गोळीने सहसा खाली कोसळत नाही.

---

कोबीचा_गड्डा | १५ जून, सायंकाळी ७.२०

रिपोर्ट आला. १८०. बायकोने धागा पहिल्यापासून वाचला. घरातला पापडांचा डबा सोसायटीच्या वॉचमनकडे गेलाय. सोमवारी डॉक्टर.

---

आमसूल | २८ जून, रात्री १०.०५

धागा वर काढते. काय झालं ते सांगते.

निळी आणि पिवळी फाइल एका दोरीत बांधली. कालनिर्णयचं पान फाडून वर लावलं. चौथ्या मजल्यावर गेले, म्हटलं, डॉक्टर, रिपोर्ट नंतर बघा, आधी हे पान बघा. गोळी अर्धी केली ती तारीख, त्यानंतरचे आठ आकडे. त्यांनी पान बघितलं, बाबांचे पाय बघितले, मानेची शीर बघितली आणि स्वतः फोन उचलून दुसऱ्या मजल्यावर लावला. सात मिनिटं बोलले. सात मिनिटं! आम्ही महिनाभर लिफ्टने वर-खाली करत होतो.

गोळी वाढवली, सकाळी घ्यायची ठरली. पाणी चहा-ताक-आमटी धरून दीड लिटर, त्यासाठी एक तांब्या वेगळा केलाय. पेनकिलर बंद (हो, बाबाही कंबरेसाठी घेत होते, विचारल्यावर कळलं). आठवड्याने वजन ६१.८ आणि क्रिएटिनिन १.५. डॉ. खलबत्ता, तुमची मोरी मोकळी झाली.

दोघांनी मिळून सांगितलंय की आकडा १.५-१.६ च्या आसपास राहील, तो तिथे राहिला तर चालेल, पोटॅशियम दर पंधरा दिवसांनी.

---

लीड्सकर | २८ जून, रात्री १०.३०

वा! कालनिर्णयचा असा उपयोग पहिल्यांदाच ऐकला. आता पान फाडलंत तर त्यावरची आमची एकादशी कोण सांगणार?

---

चौथीपाळी | २९ जून, रात्री २.१०

छान. माझ्याकडे त्यांना पाठवू नका म्हणजे झालं.

---

टांगापलटी | २९ जून, सकाळी ८.३०

सगळं ठीक, पण तिसऱ्या मजल्यावर काय आहे ते राहिलंच.

---

चिपळूणवासी_७१ | २९ जून, सकाळी ११.४०

स. न. वि. वि.

मी वरील चर्चेतील रुग्ण. नातवाने खाते उघडून दिले. सर्व प्रतिसाद चष्मा लावून वाचले. डॉक्टरसाहेबांचे व रात्रपाळीच्या मुलाचे मन:पूर्वक आभार.

तीन दुरुस्त्या. एक, लोणच्याची बरणी देवाची नव्हती, माझी होती, परंतु त्यात फक्त खार उरला होता, फोडी आधीच संपल्या होत्या. दोन, आठ दिवस अबोला नव्हता, पाच दिवस होता. तीन, तिसऱ्या मजल्यावर उपाहारगृह आहे. तेथील बटाटेवडा चांगला असतो, असे ऐकून आहे.

---

आमसूल | २९ जून, सकाळी ११.५२

बाबा. ऐकून आहात की खाऊन आहात?

---

चिपळूणवासी_७१ | २९ जून, दुपारी १२.१०

आजचे वजन ६१.६. चौकोनावर उभे राहून घेतले आहे. आईला विचार.